डाव्या हाताची चटणी

सत्कार या प्रकाराची मला शिसारी आहे. मधुमेह झालेल्या माणसाला जशी साखर वर्ज्य, तशी मला शाल. ओळखीचे लोक याला विनय समजतात, आणि एकदा विनय समजला की आणखी दोन शाली घेऊन येतात. गेल्या आठवड्यात असाच एक फोन आला. महिला दिनानिमित्त 'जिल्ह्यातील आद्य महिला डिझायनर' म्हणून माझा गौरव करायचं ठरलंय, असं पलीकडचा गृहस्थ एका दमात म्हणाला. आद्य! माझ्या आधी या जिल्ह्यातल्या बायकांनी ठिगळाला ठिगळ जोडून गोधड्या शिवल्या, सारवलेल्या भिंतींवर मोर काढले, चोळीच्या बाहीला कुठला काठ शोभेल यावर दुपारच्या दुपारी घालवल्या. त्या सगळ्या बहुधा वेळ घालवत होत्या. डिझाइन मी सुरू केलं. "आणि मॅडम, एक विनंती," गृहस्थ पुढं म्हणाला, "दारातली रांगोळी तुमच्याच हातची झाली तर? नाहीतरी तुमचीच कला!" या वाक्याशी माझी फार जुनी ओळख आहे. ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी बाविशीची होते आणि त्याला बळीही पडले होते. ती हकीकत लिहून ठेवावी म्हणून आज बसले आहे. फोनवरच्या गृहस्थाला मी "कळवते" म्हणाले.

आम्ही साताऱ्याचे. आबा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. मी चित्रकलेची पदविका घेतली, तीही जाहिरातकलेची, हे त्यांना कोणाला समजावून सांगता येत नसे. "म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणार व्हय?" असं शेजारचे विचारत, आणि आबा "ड्रॉइंगची मास्तरीण होईल" असं सांगून विषय मिटवत. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात माझी पदविका विणकाम आणि पुरणपोळी यांच्या मधोमध सांगितली जाई. कराडहून एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं माझी चित्रं उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "छान. मंगळागौरीला बाहेरचं माणूस लावायला नको." मी आत जाऊन कपबशा आपटल्या. त्या रात्री जेवताना आबांनी अट घातली. ते स्वतःच्या हिशेबानं न्यायी माणूस होते. "वर्षभर सांगलीला मावशीकडं राहा, नोकरी कर. पण काम तुझ्या नावानं झालेलं मला चारचौघांत दिसलं पायजे. दिसलं तर पुढं बोलू. न्हाईतर कराडकर थांबलेत." माझ्या भावाला अशी अट कुणी घातली नव्हती. तो दोन वर्षं घरात झोपून होता, आणि त्या झोपेला 'परीक्षेचा अभ्यास' असं नाव होतं.

मावशीचं घर सांगलीच्या गावभागात होतं, दोन खोल्या आणि मागं एक पडवी. काका हळदीच्या गाड्यांबरोबर कायम बाहेरगावी, त्यामुळं घर मावशीचंच. त्या घराचा वास मला अजून ओळखू येईल: पोत्यांना चिकटून आलेली हळद, भाजलेलं खोबरं आणि पडवीतल्या चुलीचा धूर. उन्हाळा लागला की मावशी चटणी करायची. गल्लीतल्या सगळ्या बायका मिरच्या डंकावर कुटून आणत. मावशीचा डंकावर विश्वास नव्हता. "त्या मशिनीत आधीच्या बाईची मिरची ऱ्हाती, तिची भांडणं आपल्या घरात कशाला?" म्हणायची. मिरच्या भाजायला घेतल्या की अर्धी गल्ली शिंकत असे आणि मावशीच्या नावानं शंख करत असे. तीच गल्ली चार दिवसांनी वाट्या घेऊन दारात उभी. दुपारभर खलबत्त्याचा आवाज चाले. आधी घण्ण, मग मसाला बारीक होत गेला की धप, धप. त्या लयीवर मला झोप लागायची. ताटात गरम भाकरी, तिच्यावर ती चटणी, मधे खळगा करून कच्चं तेल. जगात मिळालेल्या सगळ्या सन्मानांपेक्षा मला ते ताट आठवतं, आणि हे मी विनयानं म्हणत नाही.

मावशी डावरी होती. लहानपणी तिची ती खोड मोडावी म्हणून आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, जेवताना तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधून ठेवायला सुरुवात केली. उपाय लागू पडला, पण अर्धाच. जेवण, देवपूजा, कुंकू लावणं हे सगळं ती उजव्या हातानं करायला शिकली. बत्ता, विळी, कुऱ्हाड, पाण्यानं भरलेली घागर मात्र डाव्या हातातच राहिली. मी एकदा विचारलं, "मग कुटताना कुणी बोललं नाही तुला?"

"कष्टाचा हात कोण बघतंय गं?" मावशी म्हणाली. "घास कुठल्या हातानं घेतीस ते बघत्यात."

अप्पांचा प्रेस बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. अप्पा मालक. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं साखरेच्या पाकासारखं. मला ते 'बाळ' म्हणत. मला त्यांनी सर्वांत मागं, मोरीच्या शेजारच्या खिडकीत बसवलं, कारण तिथं उजेड चांगला होता. मोरीचा वास हा त्या उजेडाचा अटळ भाग होता. पहिले कित्येक महिने मी लग्नपत्रिकांवरचे गणपती काढले. पिंपळाच्या पानातला गणपती, एका रेषेतला गणपती, फेटा बांधलेला गणपती. देवाला इतक्या वेषांत पाहिल्यावर भक्ती टिकणं कठीण असतं. गिऱ्हाईक माझ्या टेबलापर्यंत कधी येत नसे. काम घेऊन पुढं जायचा तो अप्पांचा मुलगा, राजू. पुण्याला कॉमर्स करून, काळा चष्मा घेऊन परतलेला. त्याला पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नव्हती, पण मुलगा तसा बरा होता; माझ्यासाठी भडंगाचा पुडा आणायचा आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे आपण रात्री जागून केलंय." मी अप्पांकडं विषय काढला तेव्हा त्यांना वाईट वाटलं. "बाळ, तसं नाही. पोरीनं केलंय म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. तुझ्याच भल्याचं आहे." माझ्या भल्यासाठी माझं नाव लपवणारे पुरुष मला नंतर आयुष्यभर भेटत राहिले. त्यातले पुष्कळ अप्पांपेक्षा जास्त शिकलेले होते, आणि इंग्रजीत लपवत होते.

त्या वर्षी बाजारातल्या एका शेठनी घरगुती चटणी पाकिटातून विकायचं ठरवलं. शेठचं नाव लिहीत नाही. पाकीट कदाचित तुमच्याही डब्यात असेल. त्यांना पाकिटावर बोधचिन्ह हवं होतं, आणि त्यात वडिलांचा फोटो, उगवता सूर्य, कमळ, गाय आणि भारताचा नकाशा एवढं बसवायचं होतं. "चटणी कुठं दाखवायची?" असं मी अप्पांमार्फत विचारलं. शेठ म्हणाले, ती आत असतेच. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मावशीसमोर कागद घेऊन बसले. ती पडवीत कुटत होती.

"आता माझं काय काढतीस? नट्या संपल्या व्हय?"

"हलू नकोस."

"कुटायचं पण आन् हलायचं न्हाई पण? असलं काम तुमच्या पदविकेत शिकवत्यात?"

आठ दिवस मी तीच एक गोष्ट काढत होते. मांडी घालून बसलेली बाई, डाव्या खांद्यावर पदर, डाव्या हातात उचललेला बत्ता, आणि मिरची उडू नये म्हणून खलाच्या तोंडावर ओंजळीसारखा धरलेला उजवा हात. रेषा मोजक्याच ठेवल्या. शेवटच्या चित्रात तिचा चेहराही जवळजवळ गेला; उरला तो बत्ता खाली येण्याआधीचा एक क्षण. ते बघितल्यावर नाकात मिरची जावी, इतपत ते जमलं होतं. मी आजवर खूप कामं केली, बरीच पैशासाठी. पण ते चित्र काढताना मला पहिल्यांदा कळलं की आपण यासाठीच आहोत. शेठ आणि अप्पा त्या चित्रासमोर तासभर बसले. तासभर त्यांची चर्चा शेठच्या वडिलांचा फोटो वर घ्यायचा की मागं, यावर चालली. फोटो मागं गेला. गाय, कमळ, सूर्य आणि नकाशा यांना मुक्ती मिळाली. चित्र जसंच्या तसं पास झालं. हाताकडं कुणी बघितलं नाही.

मग समारंभ ठरला. आपल्याकडं वस्तू बाजारात येत नाही, तिचं प्रकाशन होतं. अप्पा स्वतः माझ्या खिडकीशी आले. "बाळ, पाकिटाच्या प्रकाशनात चित्रकाराचा सत्कार आहे. शेठची इच्छा." मी त्याच दिवशी आबांना पत्र टाकलं: या, चारचौघांत नाव ऐकायला मिळेल. आदल्या दिवशी अप्पा पुन्हा आले. "आणि दारात चित्राचीच रांगोळी काढ. मोठी. नाहीतरी तुझीच कला!" मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सत्कारमूर्तीनं स्वतःच्या सत्काराची झाडलोट करणं मला त्या वयात साधेपणा वाटायचा.

सकाळपासून सभागृहाच्या दारात गुडघे मोडून मी ती रांगोळी काढली. पाकिटावर अंगठ्याएवढी असणारी मावशी तिथं पुरुषभर झाली. उठले तर अप्पांच्या घरच्या बायकांनी माझ्या हातात ताट दिलं: निरांजन, हळदकुंकू, शाल, नारळ. "तू औक्षण कर." कुणाचं, हे मी विचारलं नाही. झेंडूचे हार आदल्या रात्रीचे होते आणि उन्हानं त्यांना आंबूस वास सुटला होता. प्रमुख पाहुणे भाऊसाहेब उशिरा आले. ते गावातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळं कुठंही उशिराच पोचत. त्यांच्याभोवतीच्या घोळक्यानं त्यांना रांगोळीच्या कडेकडेनं उचलल्यासारखं आत नेलं. शेवटच्या रांगेत आबा बसले होते, मांडीवर कंदी पेढ्यांचा खोका धरून. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मग माइकवर आवाज आला: "या बोधचिन्हाचे निर्माते, तरुण, कल्पक, आपल्या सांगलीचे भूषण..." आणि राजू व्यासपीठावर चढला. मला वाटलं चूक झाली. मग माझ्या हातातल्या ताटाचा अर्थ लागला. मागून अप्पांच्या बहिणीनं कोपरानं ढोसलं, "जा की गं, ओवाळ." मी गेले आणि ओवाळलं. हे वाक्य आज लिहितानाही माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटतं. शेठनी शाल उचलून त्याच्या खांद्यावर टाकली. राजूनं भाषण केलं. आईच्या हातची चव, मातृशक्ती, खलबत्त्याची साद असं काय काय त्याला मध्यरात्री सुचलं होतं. त्याची आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. ती चटणी विकत आणायची, हे मला माहीत होतं. मी आबांकडं बघितलं नाही. पेढ्यांचा खोका तेवढा दिसत होता. तो मांडीवरून खाली, पायाशी गेला होता.

समारंभ संपला आणि भाऊसाहेब बाहेर निघाले. या खेपेला त्यांना घाई नव्हती. दारात रांगोळीपाशी ते थांबले, कौतुकानं कमरेवर हात ठेवले. "वा! काय जिवंत..." आणि त्यांचा आवाज अडकला. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले, रांगोळीकडं बघितलं, पुन्हा हातांकडं बघितलं.

"ओ शेठ. ह्यो हात कुठला?"

शेठ पुढं झाले. त्यांनीही हात धरून बघितले. मग अप्पांनी, मग राजूनं. भर दुपारी चार प्रतिष्ठित माणसं दारात उभी राहून हवेत चटणी कुटत होती.

"डावा!" भाऊसाहेब म्हणाले. "खायच्या वस्तूवर डावा हात! आवं, सणावाराला नैवेद्याच्या ताटात पडायची ही चटणी. कुणी घेईल का?"

"राजाभाऊ, हे काय?" शेठनी विचारलं. तासाभरापूर्वीचं सांगलीचं भूषण शालीत घामाघूम झालं.

"मी न्हाई," राजू म्हणाला. "म्हणजे चित्र मी न्हाई काढलेलं. आमच्यात एक पोरगी हाय, तिनं काढलंय."

एक तास. चित्र त्याचं होऊन पुन्हा माझं व्हायला तेवढाच वेळ लागला. सगळे माझ्याकडं वळले. हातात अजून ते ताट होतं. अप्पा झटकन पुढं आले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरीची काकुळती होती. "रांगोळीत उलटं झालं असेल. होय ना, बाळ? घाईत झालं असेल." त्यांनी मला सुटकेचं दार उघडून दिलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर रांगोळी चुकली असती, ती पुसली असती, नोकरी राहिली असती. पायऱ्यांशी आबा चपला घालायचे थांबले होते.

"नाही," मी म्हणाले. "पाकिटावरही डावाच आहे. चित्र माझं आहे. ज्या बाईवरून काढलं ती डावरी आहे. तिची चटणी डाव्याच हातानं होते."

"नाव काय तुझं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सुलभा."

"सुलभा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बघा. ह्या सुलभाबाईंनी घोळ घातलाय."

पण अप्पा छपाईतले मुरलेले होते. क्षणभरानं त्यांचा चेहरा उजळला. "शेठ, काही नाही हो! आजची पाकिटं नमुन्याचीच आहेत. मोठ्या छपाईला चित्राची फिल्म पालथी घालतो. हात उजवा. खर्च नाही, काही नाही." सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीतरी चहा मागवला. फिल्म पालथी घातली की चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं जाईल आणि हात उजवा होईल हे खरं. पण मग पदरही उजव्या खांद्यावर जाईल, आणि आपल्याकडची कुठलीही बाई असा पदर घेत नाही. हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्या चौघांकडं बघितलं. बाई त्यांच्यासमोर पुरुषभर पसरली होती आणि त्यांनी तिचा हात तेवढा तपासला होता. मी तोंड मिटलं. राजूनं शाल परत केली नाही. दिलेली शाल परत घ्यायची पद्धत नसते.

मी आबांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. घुंगरांचा आवाज, उसाच्या चोथ्यावर माश्या.

"डावा हाय ते तुला आधीपासून ठावं होतं?"

"हो."

"मग उजवा का न्हाई काढलास?"

"उजव्या हातानं ती कुटतच नाही."

आबांनी रसाचा ग्लास संपवला, रुमालानं मिशी पुसली. "मी म्हटलं हुतं, नाव चारचौघांत निघालं पायजे. निघालं." मग खोका माझ्याकडं सरकवला. "पेढे मावशीला दे. कराडला मी न्हाई म्हणून कळवतो."

मावशीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती पेढा खात होती, अर्थात उजव्या हातानं. "म्हणजे आता मी उजवी झाले व्हय?" ती हसून हसून मागं कलली. "आय असायला पायजे होती. बिचारीनं लुगड्याच्या किती चिंध्या वाया घालवल्या. एवढं सोपं होतं!" मी हसले नाही. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आताही येत नाही. महिना भरल्यावर मी अप्पांचा प्रेस सोडला.

पाकीट अजून चालतं. शेठच्या नातवानं रंग बदलले, अक्षरं बदलली, चित्र तेच ठेवलं. त्याला आता 'वारसा' म्हणतात, आणि चित्रकार म्हणून माझं नावही सांगतात. मॉलच्या फळीवर माझी मावशी ओळीनं बसलेली असते, उजव्या हातात बत्ता, उजव्या खांद्यावर पदर. एवढ्या वर्षांत एकाही माणसाला तो पदर खटकलेला नाही. बायका तरी बघतील असं मला वाटायचं. पण बायकांनाही आपण पाकिटावरच्या बाईकडं बघायचं असतं हे कुणी शिकवलेलं नाही.

परवा त्या गृहस्थानं मोबाइलवर समारंभाच्या फ्लेक्सचा नमुना पाठवला. माझा फोटो, माझ्या खांद्यावर संगणकानं आधीच घातलेली शाल, आणि मागं, माझी थोर कलाकृती म्हणून, पालथी मावशी. रांगोळी काढणार नाही एवढं मी त्याला कळवलं. मग छत्री घेऊन उन्हातून त्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. काचेच्या खोपट्यात एक मुलगी बसली होती, कानात इयरफोन, टेबलावर अर्धा वडापाव. फ्लेक्स तिनंच केला होता. मालक पुढं कुणाला तरी सांगत होता, "आपण रात्री बसून केलंय."

"हे मागचं चित्र उलटं कर," मी म्हणाले.

"मिरर?"

"मिरर."

एक बटण दाबलं. पदर डाव्या खांद्यावर आला, बत्ता डाव्या हातात. मुलगी पडद्याजवळ वाकली. मग तिनं आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले.

"आजी, आता हात डावा झाला की. लोक ओरडतील."

"ओरडू देत."

"मग मलाच विचारतील, कुणी केलं म्हणून."

"विचारतीलच. चुकलं की विचारतात. सुलभानं केलं म्हणून सांग."

तिनं एकदा फ्लेक्सवरच्या नावाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मालकाची पाठ आहे याची खात्री करून प्रिंट दिली. मशीन घरघरायला लागलं. आधी बत्ता बाहेर आला, मग मावशीचा डावा हात.